उरलेलं वळण

सोहारच्या शेडमधून गाडी पहाटे चारला निघते,
रूळ तापायच्या आत.
आठ डबे, आणि प्रवासी फक्त बावीस:
दिवसाला बारा रियाल, दुपारचं जेवण,
हातात एक बटण. मळमळलं की दाबायचं.

मी शेवटच्या डब्यात, पडद्यावरच्या हिरव्या रेघेसमोर.
वादी अल-जिझीत डोंगर आडवे येतात
आणि रूळ त्यांना वळसे घालतात
उंबऱ्यापाशी पाहुण्याने
इतरांच्या चपला चुकवत यावं तसे.
वळण यायच्या आधीच यंत्राला कळतं,
तेल दाबलं जातं, डबा आतल्या अंगाला कलतो,
आणि जो वेग माणसाला बाहेर फेकणार होता
तो निमूट पायांखाली जाऊन बसतो.

माझं गणित इतकं चोख
की टेबलावरचा चहा हलेना.
आठ अंश. बाकी शून्य.
तिसऱ्या वळणावर अकरा दिवे लागले.

दाऊद परकार, दाभोळचे,
तीस वर्षं मस्कतच्या बंदरात टगवर काढलेले,
कागदी पिशवी तोंडाशी धरून म्हणाले,
"बाय, खिडकीत डोंगर आडवा पडलाय
नि माझ्या पोटाला कोण काय सांगीतच नाय.
वळण गेला कुठं?"

पुढून खमीस बलुशीने विचारलं, थांबवू?

थंड मुलखातल्या जुन्या अहवालांत हेच होतं.
मी वाचलं होतं, आणि पान उलटलं होतं:
डोळे एक सांगतात, कान दुसरं,
मधल्या मध्ये जठर मार खातं.

दुपारी, कूलरच्या घरघरीत,
मी आठाचे साडेपाच केले.
वर्षभर घासून जे शून्यावर आणलं
त्यात पुन्हा आपल्याच हाताने धक्का मिसळायचा,
आमटीत मीठ घालावं तसा,
चाखत, थोडा अजून, थोडा कमी,
रात्री दीडपर्यंत.

दुसऱ्या पहाटे चहा कपाच्या काठापर्यंत आला
आणि परत गेला.
कुणाचा खांदा कुणाला लागला.
सियालकोटचा एक पोरगा
बटण मुठीत धरून झोपून गेला.
दिवे दोनच लागले,
त्यातला एक चुकून.

परकारांच्या फॉर्मवर, 'त्रास' या रकान्यात,
बोटाएवढ्या अक्षरांत:
ढकलला थोडा. कळला, की वळतोय.

हे कितीच्या खाली मोडतं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
परतीच्या फेरीत मी टेबलाची कड सोडली
आणि वळणाची वाट पाहत
उभी राहिले.