नऊ नंबरच्या जिन्यातली झीज

जेनोवात, बंदराच्या मागच्या एका बोळात,
जिथे दुपारी काय ते वीस मिनिटं ऊन उतरतं,
नऊ नंबरच्या घराचा जिना पाटीच्या दगडाचा आहे.
तोच काळा दगड, ज्यावर कुणी कुठे मुळाक्षरं गिरवली,
थुंकी लावून पुसली.
इथे त्याच्यावर पाय गिरवले, तीनशे वर्षं,
आणि पुसलं कुणीच नाही.

निवेस ओदोने पूर्वी दातांच्या दवाखान्यात
कवळ्यांचे साचे करायची.
पोकळी वाचायची सवय तिथली.
मार्चमध्ये आली ती प्लॅस्टरची पोती,
साबणाच्या पाण्याची बादली
आणि एक लांब सरळ पट्टी घेऊन.
पट्टी पायरीवर आडवी ठेवायची,
तिच्याखालून जेवढा उजेड दिसेल
तेवढं प्लॅस्टर ओतायचं.
दारोदार सांगत फिरली,
"पायरी नकोय मला.
पायरीतून जे गेलं, ते हवंय."
पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाक्कोला वाटलं
घरपट्टीवाल्यांचीच ही नवी युक्ती.
त्याने दार लावून घेतलं, आणि फटीतून सबंध दुपार पाहत बसला.

एकशे बारा पायऱ्या. एकशे सात तुकडे.
(उरलेल्या पाचांचं पुढे सांगतो.)
संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखे,
मध्ये जाड, कडेला इतके पातळ की नखाने तुटावेत.
प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने वजन:
नऊशे चाळीस ग्रॅम. किलो शंभर.
उंबरे झिजवले, उंबरे झिजवले म्हणतो आपण,
ते असं तराजूत कुणी घातलं नव्हतं.

मेच्या एका रविवारी तिने ते तुकडे टांगले
समोरासमोरच्या खिडक्यांतल्या कपड्यांच्या दोऱ्यांवर.
सगळा बोळ मान वर करून उभा.
"हा डावीकडे जास्त खोल का?"
"माझा ज्याकोमो," एर्सिलिया म्हणाली तिसऱ्या मजल्यावरून.
"उजवा गुडघा गोदीत गेला त्याचा. कठडा धरून चढायचा."
थोड्या वेळाने म्हणाली,
"सबंध त्याचा नाही. पण एवढं टोक त्याचंच."
आणि खिडकीतून वाकून त्या टोकाला बोट लावून राहिली,
दोरी हलेपर्यंत.

विल्मेर, एक्वादोरचा, चार वर्षं इथे पार्सलं चढवतोय.
त्याने विचारलं, "माझे किती ग्रॅम?"
निवेसने कागदावर हिशेब मांडला, खोडला, पुन्हा मांडला:
"चिमूटभर मीठ."
तो एवढा खूश झाला की तिथूनच आईला फोन लावला.

आता त्या पाच.
सगळ्यात वरच्या, मागाहून बसवलेल्या,
एकट्या देल्फिनाच्या दारापाशी पोचणाऱ्या.
ती अठरा वर्षांत खाली आलेली नाही.
पावासाठी दोरीने टोपली सोडते,
आणि टोपली असल्यावर
कुणाला कशाला वर चढावं लागतंय?
तिथलं प्लॅस्टर पापडासारखं निघालं
आणि उचलता उचलता मोडलं.
दोरीवर पाच जोड्या चिमटे रिकामेच ठेवले होते.

मंगळवारी टोपली खाली आली.
पैसे नव्हते तिच्यात. एक चिठ्ठी:
"माझे कुठे आहेत?"

निवेसने उत्तर लिहिलं नाही.
घरून चुऱ्याचं पाकीट आणलं,
त्यावर वजन घातलं, पाची मिळून एकोणीस ग्रॅम,
आणि टोपलीत ठेवलं.
दोरी थोडी थांबली. मग सावकाश वर गेली,
भिंतीला एकदाही न आपटता.

तुकडे जूनमध्ये उतरले, कुठल्याशा गोदामात गेले.
बाक्कोने स्वतःचा मागून घेतला,
त्याच्यावर तो आता चष्मा ठेवतो.

पण रोज संध्याकाळी, साडेसातच्या सुमाराला,
वरून सपातांचा आवाज येतो.
पाच पायऱ्या खाली.
पाच पायऱ्या वर.
मध्ये दम खायला थांबलेली शांतता.
पुन्हा पाच खाली.

एर्सिलिया म्हणते, बातम्या ऐकू देत नाही बाई.
म्हणते, आणि टीव्हीचा आवाज कमी करते.