दोन छत्र्या

नव्या पेठेत सिद्राम हत्तुरेनं काचेवर तीन कागद मांडले.
एकात दोनशे चाळीस चॅनेल,
दुसऱ्यात त्याच्या दीडपट, वर्षाचे एकदम भरले तर महिना माफ,
तिसरा फुकटातला, छत्री घ्या नि विसरा.
"घरी बघणारं कोण ते सांगा, मग बोलू," म्हणाला.

घरी आई.
विडी घरकुलात, दाराशी, सूप मांडीवर.
पान, तंबाखू, दोरा, पान, तंबाखू, दोरा,
हजाराचा आकडा भरेपर्यंत
समोर कुणीतरी तेलुगूत रडायला हवं तिला.
अनसूया मैंदर्गीची, तिची करमणूक कन्नडमधली.
पोरगा भांडतो मराठीत, क्रिकेट बघतो हिंदीत.
मी बातम्या बघतो, आवाज बंद करून.

आणि दुसरं घर चार चाकांचं.
वर्षातले पाच महिने टॉवेल नि चादरी घेऊन
आम्ही दोघं गावोगावच्या प्रदर्शनांत.
रात्री टेम्पोच्या मागं, गठ्ठ्यांवर गादी,
न खपलेला माल पाठीला बोचत नाही
एवढंच त्याचं सुख.
नऊ वाजता मैदान सामसूम.
मग बोलायचं तरी किती, नवराबायकोनं?

हे ऐकून सिद्रामनं पेन कानावर ठेवला.
"मामा, छत्री म्हणजे झाड आहे की.
एका जागी लावायचं. रोज उपटून रोज लावणार काय?"

दोन रात्री कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब.
आई म्हणाली, माझं बंद करा, टेम्पोला घ्या,
घरात बसणाऱ्याला भिंत असते बघायला.
अनसूया म्हणाली, आत्याबाईंचं बंद झालं
तर मी टेम्पोत चढणार नाही.
तिथं हिशेब संपला.

घरी पैसेवाली. टेम्पोला फुकटातली.
तिला पाय हवा म्हणून
अक्कलकोट रोडच्या वर्कशॉपमध्ये राजेशमनं
भंगारात निघालेल्या मागाचं लोखंड कापून
तीन पायांची घोडी जोडून दिली.
एक पाय आखूड झाला. त्याखाली आजही वीट घालतो.

पहिला मुक्काम बार्शी.
मी टपावर, छत्री दोन्ही हातांत,
अनसूया आत, पडद्यावर डोळे.
"आलं?" "नाही." "आता?" "मुंग्या."
"आता?" "आलं होतं, तुम्ही शिंकला."
शेजारचा लोणचेवाला खुर्ची घेऊन आमच्याकडंच बघत बसला,
त्याची करमणूक सुरू झालेली.

शेवटी आईला फोन.
"तोंड कुठं केलंयस तिचं?"
"काय माहीत, अंधारात."
"गावाकडं कर."

गाव म्हणजे नलगोंड्याकडचं.
आई तिथं एक रात्रही राहिलेली नाही.
तिचा सासरा तिथून आला, धोटा कमरेला खोचून,
आणि परत गेला नाही, एवढंच तिला माहीत.
तरी घरात कुठल्याही खोलीत उभी केली
तर हात बरोबर त्याच बाजूला जातो तिचा.

मी सकाळचं ऊन कुठून येईल ते आठवलं,
तिकडं फिरवली छत्री. काही नाही.
मग हात भरून आला म्हणून जरा उजवीकडं सरकली
आणि आतून अनसूया ओरडली, "थांबा, हलू नका!"
गावापासून चार बोटं उजवीकडं.
आईला सांगितलं तर म्हणाली,
"म्हणजे चुकलं होतं म्हातारं."

पण फुकटातल्यात आईची मालिका लागत नाही,
आणि अनसूयाला तिचा नाद लागलेला, भाषा अर्धी कळून.
म्हणून साडेनऊला फोन वाजतो.
स्पीकर लावून मधे ठेवतो,
पडद्यावर कुठलातरी जुना सिनेमा, आवाज बंद,
आणि आई सांगत राहते,
आज मोठ्या सुनेनं दागिने मोडले,
धाकटा दवाखान्यात, डॉक्टर दुसराच आहे,
मधेच, "थांब, दोरा तुटला,"
मग सुपात बोटं चालल्याचा बारीक आवाज,
मग परत डॉक्टर.

टपावर छत्री आपलं तोंड करून उभी.
विटेखालची माती थोडी खचते रोज.