पायाखाली शहाण्णव

बाभळीच्या सालीचा वास अजून धरून असलेलं कातडं
अप्पांनी दगडावर पसरलंय. अथणीचं ऊन.
मी मोबाईल पुढं धरते :
स्कीच्या तीन जोड्या, पैसे एकीचे.

"ह्या रुंद. ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगतात.
ह्या बारीक. यंत्रानं दाबलेला उतार
कडेनं कापत जातात.
आणि ह्या दोन्ही टोकांना वळलेल्या,
उड्या मारायला, उलटं उतरायला."

"उलटं? कशाला गं?"
"हौस. महिन्यातनं एकदा."
अप्पा रापी पुसतात.
"हौशीसाठी अख्खी जोडी घेऊलालीस?"

गुलमर्ग त्यांनी पाहिलेलं नाही.
टाच ओढून घेणारा काळ्या रानातला चिखल पाहिलाय,
विजापूरच्या रस्त्यावरचं वितळलेलं डांबर,
वर्षातनं एखादी वरात,
आणि तिन्हीला एकच वहाण मागणारं गिऱ्हाईक,
चाळीस वर्षं.

"पायाखाली रुंदी किती?"
"मधलीची? शहाण्णव मिलिमीटर."
पट्टी घेत नाहीत. चार बोटं कातड्यावर टेकवतात,
शेजारी आडवा अंगठा, पुरता नाही.
"हीच. पुढचं टोक उचललेलं असू दे,
मागचं जरासंच.
भुसभुशीत थोडी रुतेल. रुतू दे."

तनमर्गच्या दुकानदाराला कळवते : मधली.

दिवेलागणीला, वादी ओवताना, मान खालीच :
"बर्फात करकरते काय?"
"दाबलेल्यावर खरवडते. ताज्यात आवाजच नाही."

वादी दातात धरून ओढतात, सोडतात.
"मग नवी घेतलीयस
हे लोकास्नी कळायचं कसं?"