तिसरं पाणी

पन्नास डब्यांचा तांदूळ मी तीनदा धुते.
पहिलं पाणी ताकासारखं,
दुसरं जरा निवळ,
तिसऱ्यात मपली बोटं दिसतात.
आधी तिन्ही मोरीत जायची.

नळ बारा दिवसांनी येऊ लागला
त्या उन्हाळ्यात हात मोरीकडं वळेना.
तेलाचे दोन रिकामे कॅन भरले,
नातवाच्या जुन्या बाबागाडीत ठेवले
आणि निघाले, लातूरच्या क्लासांच्या बोर्डांखालून,
डॉक्टर झालेल्या पोरांच्या हसऱ्या फोटोंखालून,
मागच्या बागेकडं.
वाटेत दोघी जणी गाडीत वाकल्या,
बाळ कुठंय?
म्हणलं, झोपलंय.

बाग म्हणजे काय,
फिरतं गेट, जे फिरत नाही,
कोरड्या कारंज्यात चोच मोडलेला सिमेंटचा बगळा,
घसरगुंडी, जिच्यावर दुपारी पापड भाजावा,
आणि सिद्राम.
सिद्रामकडं तीन बागा अन् एक पाइप,
पाइपला सायकलच्या ट्यूबच्या सतरा पट्ट्या.
त्यानं कॅनात बोट बुडवून चाटलं.
"मीठ नाही ना बाई ह्यात?"
"भाताला मीठ मी नंतर घालते."
"मंग ओता. खोडाशी नको, हातभर लांब.
झाड काही तोंडानं पीत नाही.
आन् तिसरं पाणी ठेवा त्या लहानग्या रोपांना,
त्यांना पहिलं पचत नाही."
माणसाला विचारावं तसं
त्यानं रोपांचं पथ्य सांगितलं.

करंजाच्या बुडाशी सौदागर बसायचा,
नळेगावचा, परीक्षेची दुसरी खेप.
मपलाच डबा खायचा, अर्धा परत पाठवायचा.
डोळे मिटून घोकायचा, फॅबेसी, फॅबेसी.
म्हणलं, कोण रे ही?
"कोणी नाही मावशी, कुळ आहे. शेंगांचं.
तुमची तूर, मूग, हरभरा."
"आन् हे?"
"हे काय?"
"ज्याला तू टेकलास ते."
पोरगं मान वर करून बघतच राहिलं.
चपट्या, वाळक्या शेंगा,
दोन वर्षं त्याच्या डोक्यावर.
मंग उठला,
पुस्तक बगळ्याच्या पाठीवर ठेवलं
आणि जड कॅन उचलला.

रविवारी त्यानं अजून पोरं आणली.
कोणी गुटख्याच्या पुड्या वेचल्या,
कोणी आळी केली, फोड येईस्तोवर,
एकानं बगळ्याला चोच लावली मातीची,
ती मंगळवारी गळाली.
मी चटईवर बसून नुसती बघायचे.
सोळा वर्षं ह्या गावात पोळ्या लाटते,
ह्या बागेत बसले नव्हते कधी.
पाय पसरले तर कोणी काही म्हणत नाही,
हे मला ठाऊकच नव्हतं.

पाऊस झाल्यावर करंजाच्या आळ्यात
कोणी न लावलेलं उगवलं.
आधी मूग. मंग कोथिंबीर. मंग दोन टोमॅटो.
मपल्या मोरीचं सगळं बियाणं.
ठेकेदाराचा माणूस रजिस्टर घेऊन आला,
झाडं मोजली, मेलेली धरून,
आणि टोमॅटोपाशी थांबला.
"हे यादीत नाही."
सिद्राम खाली बघत म्हणाला,
"साहेब, यादीत हायेत ती तर इथं नाहीत."
माणसानं पेन काढलं, झटकलं,
काय लिहिलं ते दिसलं नाही.
टोमॅटो राहिले.

निकालाच्या दिवशी सौदागर बागेत आला नाही.
दुसऱ्या दिवशी कळलं, खोली सोडली.
पास का नापास, कोणाला विचारलं नाही मी,
जाता-येता बोर्डांवरचे फोटो तेवढे बघते.
त्याचा शेवटचा डबा मात्र आला माघारी.
पहिल्यांदाच सगळा खाल्लेला,
पहिल्यांदाच धुतलेला, लख्ख.

आता भेटला तर ओरडणार हाय त्याला,
धुतलास काहून रे?
आन् धुतलास तर धुतलास,
ते पाणी कुठं ओतलं?