गाडी धुण्याचे पैसे

किसुमूच्या ठाण्यामागे एक नळ आहे.
त्या नळावर मी गाड्या धुतो, अकरा वर्षं झाली.
एका गाडीचे शंभर शिलिंग,
आतून धुवायची तर दीडशे.
आतून म्हणजे मागचा भाग,
जिथे बाक नाही, नुसता पत्रा.

रक्त गार पाण्यानं निघतं.
गरम घातलं की धरून बसतं.
हे आईनं शिकवलं होतं, कोंबडी कापल्यावर
तिचं लुगडं धुताना. तिला काय माहीत
मी ते कुठं वापरणार.
ओकारीवर राख टाकायची.
घाबरलेल्या माणसाचा वास मात्र
दाराच्या रबरात मुरतो,
त्याला ऊनच लागतं, दुपारपर्यंत.

सकाळी सार्जंट बराझा किल्ली फेकतो,
"ओगुटू, आतून."
तो माझ्या डोळ्यांत बघत नाही,
मी त्याच्या मुठीकडे बघत नाही.
असं आमचं बरं चाललेलं.

पत्र्याच्या खाचांत वस्तू अडकतात.
अर्धी चप्पल. जपमाळेचे तीन मणी.
एकदा दात.
एकदा परीक्षेचं प्रवेशपत्र, भिजून लगदा झालेलं,
नाव गेलं होतं, क्रमांक राहिला होता.
सगळं मी वनस्पती तुपाच्या डब्यात टाकतो.
का, ते विचारू नका.
गटारात सोडायला हात धजत नाही, एवढंच.

मग ती आली, अपोंडी,
बंदरावर मासे तळते ती.
पुढच्या खिडकीवर तिला वहीतली ओळ वाचून दाखवली होती:
पळताना पडला.
तिचा ओडेरा मोटारसायकल चालवतो. लायसन मागितलं,
त्यानं विचारलं कशासाठी,
आणि मग तिघांनी मिळून त्याला
पळताना पाडलं.
पोरगा इस्पितळात आहे, जबडा तारेनं बांधलाय,
नळीनं पेज पितो.

माझ्याकडे तिनं प्यायला पाणी मागितलं.
ओंजळीनं प्यायली. मग म्हणाली,
"त्याच्या निळ्या स्वेटरचं वरचं बटण गेलंय.
घरात दोरा नव्हता म्हणून
जाळ्यातला हिरवा नायलॉन ओढून लावलं होतं मी.
दिसलं का रे कुठं?"

मी म्हणालो, नाही.
इतक्या पटकन म्हणालो
की नळसुद्धा बंद करायचा राहिला.

दोन रात्री डबा उशाशी होता.
घरातलीनं विचारलं, काय खुडखुड करतोय आत?
तिसऱ्या दिवशी मी बंदरावर गेलो.
सरोवरावर जलपर्णी इतकी दाटलेली
की होड्या शेतात लावल्यासारख्या दिसत होत्या.
बटण तिच्या पातेल्याशेजारी ठेवलं,
हिरवा दोरा अजून गाठीत होता.

ती रडली नाही.
आधी मासा उलटला, करपला असता.
मग बोटं पुसली, गाठ चाचपली. स्वतःचीच गाठ.
"कुठं मिळालं?"
मी सांगितलं.
"हे वकीलबाईला सांगशील?"
मी म्हणालो, बटण आहे ना, ते दे.
"बटणाला तोंड नसतं, ओगुटू."

आणखी काही बोलली नाही. एक मासा
कागदात बांधून दिला, पैसे घेतले नाहीत.
तो मला दीडशे शिलिंगांपेक्षा जड लागला,
वाटेत कुत्र्याला टाकावा वाटला. खाल्ला मीच.

आज परत किल्ली आली. "आतून."
मागचं दार उघडलं.
पत्रा ओला आहे, अजून वाळलेला नाही,
कोपऱ्यात शाळेच्या मोज्यासारखं काहीतरी.
माझा हात सवयीनं तोटीवर गेला
आणि तिथंच राहिला.
अपोंडी वकीलबाईला आणायला गेलीय,
रस्ता लांब आहे, बाईंची गाडी जुनी आहे.

आतून बराझा ओरडतो,
"काय रे, आवाज येत नाही,
पाणी गेलंय का?"

पाणी आहे, मी म्हणालो.