जुना मजकूर हलवला जाणार नाही

सोमवारी साडेदहाला पंचायतीचं दार उघडलं,
कीबोर्डवरच्या उंदराच्या लेंड्या झाडल्या,
बटण दाबलं.
निळं पटांगण आलं समोर. तेवढंच.
नमुना आठ नाही, जन्म नोंद नाही, मृत्यू नोंद नाही,
घरपट्टीची शीट नाही.
कचऱ्याची बादली तेवढी जागेवर.

रेवाराम हातझाडे दाखल्यासाठी बाकावर,
काठी दोन गुडघ्यांत धरून.
मान लांब करून बघितलं त्यानं :
"रातच्यान कोनी नेलन का जी?"

उजवी टिचकी मारली. मेनू उघडला.
म्हणजे धुगधुगी आहे.
कंट्रोल-एच. लपलेल्या फायली वर आल्या,
ठिपक्याचं गोंदण कपाळावर घेऊन,
त्यात माझं कुणी नव्हतं.
बंद केलं, चालू केलं.
पुन्हा बंद केलं तेव्हा लाईनच गेली,
पंखा थांबला, आणि ऐकू आलं
बाहेर बकरी पोस्टर खात होती.

भंडाऱ्याच्या निशिकांतला फोन लावला.
"फॉर्मॅट मार," म्हणाला,
गाय आटली तर विकून टाक म्हणावं
तितक्या सहज.
अकरा वर्षांची घरपट्टी आहे रे बाबा तिच्यात.

लाईन आली. काळी खिडकी उघडली.
तिथं चित्रं नसतात, नुसतं विचारायचं असतं.
एल. एस. एन्टर.
यादी उतरली, आणि यादीत
डेस्कटॉप दोन.
एक इंग्रजी अक्षरांत, एक मराठीत.
शब्द तोच, लिपी दुसरी.
मराठीतला उघडला : रिकामा.
इंग्रजीतला उघडला :
सगळे तिथंच, दाटीवाटीनं,
कुणीच कुठं गेलं नव्हतं.

मग शुक्रवार आठवला.
मीच भाषा मराठी केली होती, हौसेनं.
यंत्रानं विचारलं होतं,
फोल्डरांची नावं नव्या भाषेत करू का?
मी हो म्हणून मोकळी झाले.
खाली बारीक अक्षरांत होतं :
जुना मजकूर हलवला जाणार नाही.
बारीक अक्षरं मी लोकांना वाचून दाखवते,
पगार त्याचाच घेते.

आमच्या गावाचंही हेच झालं होतं.
धरणाचं पाणी चढणार म्हणून
माळावर नवं गावठाण आखलं,
चुन्याच्या रेघा, प्लॉटचे नंबर, एक हातपंप,
आणि पाटीवर नाव तेच.
साहेब जीपमधून उतरले, रजिस्टर उघडून उभे राहिले
त्या रेघांच्या मधोमध :
गाव कुठाय?
गाव नदीकाठी, जुन्या नावाखाली,
धान झोडत होतं.

निशिकांत असता तर त्यानं सेटिंगमध्ये जाऊन
जुनं नाव परत लावलं असतं.
मला मराठी हवं होतं.
एम. व्ही., मग जुनं घर, तिरपी रेघ, चांदणी,
जागा सोडून नवं घर.
चांदणी म्हणजे सगळे, कुणालाही न वगळता.
एन्टर.
पटांगणात एकेक करून येऊन बसले.

"झालं? येवड्यातच?"
रेवाराम काठीवर जोर देऊन उठला.
"आमाले त एकवीस वर्स लागली जी."

आले, पण अकारविल्हे आले :
घरपट्टी, जन्म, नमुना, मृत्यू,
हजेरीच्या रांगेसारखे.
माझा हात नमुना आठला वर डावीकडे गेला
आणि घरपट्टीवर पडला.
मृत्यू नोंद मी नेहमी खाली ठेवायची,
उजव्या कोपऱ्यात, बादलीपासून लांब,
चुकून टिचकी पडू नये म्हणून.
ओढत नेली तिथं.
बाकीचे राहू दे म्हटलं. हाताला कळेल हळूहळू.

मग रेवारामचा दाखला काढला.
नाव, वय, मुक्काम पोस्ट.
सदर ठिकाणी किती वर्षांपासून राहता?

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"कोनत्या जागचं लिवू मनता?"

प्रिंटर तापायला वेळ घेतो आमचा.
तोवर तो रकाना मी कोराच ठेवला.