कारणाचा रकाना

ताम्हिणीच्या चौकीपुढं टेबल,
टेबलावर रजिस्टर, उडू नये म्हणून वर दगड.
नाव, गाव, माणसं, आत, बाहेर, कारण.
खाली दोन दऱ्या एकमेकींना छेदून गेलेल्या,
पुण्याची पोरं तिला प्लस म्हणतात.
बेरजेच्या दरीवर मी वजाबाकीला बसलेली:
सकाळी त्र्याहत्तर उतरले
तर सांजेला त्र्याहत्तर मोजल्याशिवाय
माझी चूल पेटत नाही.

कारणाच्या रकान्यात सगळे 'ट्रेक' लिहितात.
एकानं लिहिलं होतं, 'बायको माहेरी'.
फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
श्रीरंग खाजगीवाले, नातूबाग, वय बहात्तर,
यांनी चष्मा पुसून सावकाश लिहिलं:
'बोल्ट काढणे, एक'.

म्हटलं, काका, हातोडी नेता येत नाही,
अभयारण्य आहे.
म्हणाले, ठोकला तेव्हा नव्हतं.
एकतीस वर्षं झाली. डावीकडचा कडा.
तेव्हा वाटलं, झाला आपला.
आता रात्री दाढेसारखा ठणकतो तो,
माझ्या नाही हो, त्याच्या हिरडीत.

हातोडी टेबलाखाली ठेवून घेतली.
धाकू मरगळेला म्हटलं, बस जरा,
आणि गेले त्यांच्यासोबत.
दगडांना हात लावत उतरत होते,
आपल्याच गोठ्यातल्या म्हशींना लावावा तसा.
कुंडाशी थांबलो. पाणी आटत आलेलं,
काठावर कुणाचा तरी एकच मोजा.
त्यांनी दुर्बीण लावली, काढली,
काचा पुसल्या, पुन्हा लावली.
मग माझ्याकडं दिली.

बोल्ट दिसलाच नाही.
कपारीच्या छपराखाली चिखलाची अर्धी वाटी,
तिच्या बुडातून गंजाचा एक ओघळ
खडकावर हातभर उतरलेला,
आणि पाकोळी आत, बाहेर, आत,
कुठंही नोंद न करता.

"टेकू दिलाय की मी," म्हणाले,
हसले.
मग बराच वेळ काहीच नाही.

वर यायला तीन तास लागले.
हातोडी पुढं केली, घेतली नाही.
तंबूच्या खुंट्या ठोकायला होईल, म्हणाले.
म्हटलं, तंबूही बंद आहेत इथं.
"मग ठेवा रजिस्टरवर. दगड बिचारा जाऊ दे घरी."

बाहेर: चार वाजून दहा.
कारण खोडू का, विचारलं
तर एसटीच्या आवाजाकडं कान लावून उभे होते.

त्या दिवशी अकरा गेले, अकरा आले.
दगड मी चौकीमागच्या उतारावर ठेवला,
कुठनं उचललेला ते आठवेना,
अंदाजानंच.